रिकामे आणि शून्य : आपल्या काही मूळ शब्दांचा अर्थ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विश्वस्त मंडळाने मला या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही दिले. मी पंडित नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पिढीजात कापडाचा व्यापारी आहे. आयुष्य मोजण्यात गेले, म्हणून मोजण्याच्या शब्दांविषयीच बोलावे असे ठरविले. आपण दिवसभर आकडे बोलतो, लिहितो, ऐकतो. परंतु त्या शब्दांच्या पोटात काय अर्थ दडला आहे याचा विचार क्वचितच करतो.

आरंभ आपल्या महोत्सवापासूनच करू. निमंत्रणपत्रिकेवर ५० हा आकडा छापला आहे. त्यातील शून्य पुसून टाकले तर काय उरेल? पाच. म्हणजे पंचेचाळीस वर्षे गेली! ज्या चिन्हाला आपण 'काही नाही' म्हणतो, ते काढून टाकताच पंचेचाळीस वर्षांचा हिशेब बुडतो. हे कसे होते? तर शून्य तेथे एककाची जागा राखून बसले आहे. ते आहे म्हणून पाचाला दशकाच्या घरात बसता येते. शून्य म्हणजे नुसते रिकामेपण नव्हे. जागा असलेले, मोजून नोंदविलेले रिकामेपण म्हणजे शून्य. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगणार आहे ते याचाच विस्तार होय.

दुकानदाराला हा भेद लवकर कळतो. खतावणीत एखादा रकाना कोरा राहिला तर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. रक्कम नव्हतीच, हा एक. रक्कम होती पण लिहायची राहिली, हा दुसरा. आणि पुढे कोणी सवडीने तेथे काही लिहील, हा तिसरा. पण त्याच रकान्यात शून्य लिहिले की तिन्ही शंका मिटतात. कोणीतरी पाहिले, मोजले, आणि काही नाही असे जबाबदारीने नोंदविले, असा त्याचा अर्थ होतो. सरकारी कचेरीतील 'निरंक' हा शब्द असाच आहे. निर् अधिक अंक, म्हणजे ज्यात अंक नाही असे. विवरणपत्रात 'निरंक' लिहून सही करावी लागते. कोरे पत्रक चालत नाही. कोऱ्या कागदाला कोणी धनी नसतो, निरंक लिहिलेल्या कागदाला असतो.

आता शब्दांकडे वळू. 'शून्य' हा शब्द 'शून' यापासून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. शून म्हणजे फुगलेले. जे बाहेरून फुगले आहे ते आतून पोकळ असते, अशी ती कल्पना. मराठीत याच शब्दाची घरगुती रूपे झाली. लेक सासरी गेली की घर 'सुने सुने' वाटते, त्यातील सुने म्हणजे शून्यच. 'रिक्त' यावरून 'रिता' आला, आणि 'रिकामा' हाही त्याच कुळातला मानला जातो. पंचांगात चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या तिथींना 'रिक्ता' म्हणतात, आणि नव्या कार्याच्या आरंभास त्या वर्ज्य समजतात. परंतु आपल्याकडे त्याच चतुर्दशीला पर्वतिथीचा मान आहे. जो दिवस पंचांगाच्या दृष्टीने रिता, तो श्रावकाच्या दृष्टीने उपवासाने आणि स्वाध्यायाने भरण्याचा. दिवस एकच, रिकामा ठेवायचा की नेमाने रिता ठेवायचा, हे पाहणाऱ्यावर आहे.

शून्याला जुन्या मराठीत आणखी एक गोड शब्द आहे, तो म्हणजे 'पूज्य'. 'बुद्धीच्या नावाने आवळ्याएवढे पूज्य' असे आपण थट्टेने म्हणतो, तेथे पूज्य म्हणजे शून्य. तमिळ आणि मल्याळम भाषांतही शून्याला 'पूज्यम्' म्हणतात. हे नाव का पडले असावे? माझे अनुमान असे की, अभावाचा उच्चार टाळण्याची आपली जी रीत आहे तिचाच हा भाग असावा. आपण रात्री दुकान 'बंद' करीत नाही, 'वाढवितो'. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. नारळ फोडीत नाही, 'वाढवितो'. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. त्याच मनाने 'काही नाही' असे म्हणण्याऐवजी 'पूज्य' म्हटले गेले असेल. देणगीचीही तीच गोष्ट. याच स्मरणिकेतील देणगीदारांची यादी पाहा. शंभर, पाचशे, हजार असे आकडे थोडे. एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक असे बहुत. रक्कम पूज्यावर संपू नये, पुढचा एक हाती राहावा, ही त्यातील भावना.

आपले सोलापूर तर भाषांचे संगमस्थान. आपल्या बाजारात एकाच दिवशी मराठी, कन्नड, तेलुगू, गुजराती, मारवाडी सगळ्या भाषांत भाव होतो. तेलुगू बोलणारे आपले विणकर बंधू शून्याला 'सुन्ना' म्हणतात, कन्नड भाषिक 'सोन्ने' म्हणतात. दोन्ही शब्द शून्यापासूनच झाले. गुजराती घरांत 'मींडुं' म्हणतात. इकडून हा विचार अरबस्तानात गेला तेव्हा अरबांनी शून्याला आपल्या भाषेत 'सिफ्र' म्हटले. त्याचाही अर्थ रिकामे असाच. उर्दूतील सिफर तो हाच. इ.स. १२०२ मध्ये इटलीच्या फिबोनाची या व्यापारीपुत्राने आपल्या गणितग्रंथात त्याचे 'झेफिरम' केले, आणि त्यातूनच पुढे 'झिरो' हा शब्द झाला. आपली नातवंडे ज्याला झिरो म्हणतात तो शब्द दूरचा प्रवास करून परत आलेला आहे, एवढे त्यांना सांगितले पाहिजे.

परंतु शून्याचा सर्वांत सुंदर पर्याय मला वाटतो तो 'अंबर'. संस्कृतात गणित श्लोकांत लिहिले जाई. श्लोकात अंक बसवायचे तर प्रत्येक अंकासाठी अनेक शब्द हाती असावे लागतात. म्हणून चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, आणि आकाश, गगन, ख, अंबर म्हणजे शून्य, असा संकेत रूढ झाला. कापडाचे काही जुने व्यापारी ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांच्या संकेताने लिहीत, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की तो भाव गिऱ्हाइकापासून लपविण्यासाठी असे आणि हा पाठ करण्याच्या सोयीसाठी. आपल्या आचार्यांनी या संकेतात आपली तत्त्वेही गुंफली. रत्न म्हणजे तीन, द्रव्य म्हणजे सहा, तत्त्व म्हणजे सात, कर्म म्हणजे आठ, पदार्थ म्हणजे नऊ. रत्नत्रय, षड्‌द्रव्ये, सप्ततत्त्वे, अष्टकर्मे हे ज्याला पाठ आहेत त्याला हे अंक शिकवावे लागत नाहीत. आता 'अंबर' म्हणजे आकाश, आणि 'अंबर' म्हणजे वस्त्रही. पीतांबर, श्वेतांबर, दिगंबर या शब्दांत तो दुसरा अर्थ आहे. मी जन्मभर जे विकले ते अंबर, आकाश तेही अंबर, आणि शून्य तेही अंबर! दिशा हेच ज्यांचे अंबर त्यांच्या चरणी बसणाऱ्या समाजाला शून्याचा हा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

या संकेताचा एक फार जुना दाखला आपल्या परंपरेत आहे. 'लोकविभाग' नावाचा लोकरचनेवरील ग्रंथ आहे. त्याच्या मूळ प्राकृत ग्रंथाचा काळ शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८, असा ग्रंथातच नोंदविलेला आहे. आज उपलब्ध आहे ते सिंहसूरि यांनी नंतरच्या काळात केलेले संस्कृत रूपांतर, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यात एक संख्या शब्दांनी सांगितली आहे. एककापासून सुरुवात करून ती अशी सांगत जातात : पाच शून्ये, मग दोन, मग सात, मग अंबर, मग एक, मग तीन, आणि शेवटी रूप, म्हणजे पुन्हा एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडत गेलो की १३१०७२००००० ही संख्या मिळते. म्हणजे तेरा अब्ज दहा कोटी बहात्तर लाख. पाच शून्ये आणि एक अंबर, अशी सहा रिकामी स्थाने त्यात मोजून दाखविली आहेत. स्थानमूल्याच्या पद्धतीत शून्याचा स्पष्ट वापर करणाऱ्या जुन्या उल्लेखांत या ग्रंथाची गणना होते. शून्य जैनांनीच शोधले असे मी म्हणणार नाही. रिकामी जागा दाखविण्याचे चिन्ह बाबिलोनच्या लोकांकडेही होते, आणि शून्यासह गणिताचे नियम ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये लिहिले. तथापि या विशाल कार्यात आपल्या पूर्वजांचाही वाटा आहे, आणि तो आपणच न जाणणे बरे नव्हे.

दुसरा ग्रंथ महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह'. काळ इ.स. ८५० च्या सुमाराचा. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड. सोलापूरच्या माणसाला ते परके नाही. त्याच अमोघवर्षाच्या काळात हा ग्रंथ झाला. महावीराचार्यांनी एकापासून महाक्षोभापर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. तीर्थंकरही चोवीस, हा योग आपल्या मनाला सुखावणारा आहे. शून्याने गुणले असता शून्य येते, शून्य मिळविले अथवा वजा केले तर संख्या तशीच राहते, हे त्यांनी सांगितले. शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते असेही त्यांनी लिहिले. हे मात्र आजच्या गणिताला मान्य नाही. आजचे गणित म्हणते की शून्याने भागणे या क्रियेलाच अर्थ नाही. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये अशा राशीला 'खहर' म्हणून तिची तुलना अनंताशी केली. थोर आचार्यांचेही मत तपासून घ्यावे, ही अनेकांतवाद्यांची रीतच आहे.

या दोन ग्रंथांच्या नंतर एका शिलालेखाचाही उल्लेख करतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज विष्णूचे मंदिर आहे. तेथील इ.स. ८७६ च्या लेखात एका फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात लिहिली आहे, आणि देवाला रोज द्यावयाच्या हारांची संख्या लिहिली आहे ५०. दोन्ही ठिकाणी शून्य आजच्यासारखेच लहान वर्तुळाने कोरलेले आहे. म्हणजे आपल्या पत्रिकेवरचा पन्नासाचा आकडा साडेअकराशे वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या दानलेखात असाच उमटला होता.

आता अंक आणि संख्या या दोन शब्दांतील फरक पाहू. 'अंक' म्हणजे खूण. अंक म्हणजे वाकडी आकडीही. आपल्या 'आकडा' या शब्दात आजही दोन्ही अर्थ नांदतात : लिहायचा आकडा आणि अडकवायचा आकडा. अंक दहाच. 'संख्या' म्हणजे नीट जाणून सांगणे. संख्यांना अंत नाही. आपल्या शास्त्रकारांनी तर याहून सूक्ष्म भेद केला. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या 'त्रिलोकसारा'त असे प्रतिपादन आहे की गणना एकापासून सुरू होते, पण 'संख्यात' दोनापासून सुरू होते. एकाला एकाने गुणले तरी वाढ नाही आणि भागले तरी घट नाही; मग त्यात मोजायचे ते काय? दुसरा आला की मोजणी आली. त्यापुढे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन भेद, आणि त्यांचे मिळून एकवीस उपभेद. 'पुष्कळ' या एका शब्दावर भागविणारे हे लोक नव्हते.

आपल्या बाजारातील अपूर्णांकांचे शब्द त्याच प्राकृतातून आले आहेत. 'दीड' म्हणजे ज्यातील दुसरा अर्धा आहे ते. 'अडीच' हा शब्द अर्धतृतीय, प्राकृत अड्ढाइज्ज, यापासून आला. म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे ते. पाठशाळेच्या मुलांना अढाई द्वीप ठाऊक आहे : जंबूद्वीप, धातकीखंड आणि पुष्करद्वीपाचा अर्धा भाग. तिसरा अर्धा, तेच अडीच! अडीच मीटर कापड फाडताना आपण नकळत तोच शब्द उच्चारीत असतो. 'औट' म्हणजे साडेतीन, चौथा अर्धा. औटकीचे पाढे गेले, पण 'औटघटकेचे राज्य' या शब्दात तो टिकून आहे. 'पाऊण' म्हणजे पाव उणा. 'एकोणीस' म्हणजे एक उणा वीस. मोजताना उणीव दिसली तर तीही आपल्या भाषेने नावातच नोंदविली.

हे शब्द पुढे राहतील काय, हा प्रश्न आहे. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन दिले गेले आणि राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा, ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की आपण बोलतो एकवीस, म्हणजे आधी एक आणि मग वीस; लिहितो मात्र आधी दोन आणि मग एक. जोडाक्षरांची भर पडून लहान मुले गोंधळतात. हा विचार अनुभवाचा होता. तेलुगू आणि कन्नडमध्ये वीस-एक असेच म्हणतात. सोलापूरच्या अनेक घरांत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून नव्या वाचनाची निंदा मी करीत नाही. चिंता निराळी आहे. इंग्रजी माध्यमातील आपल्या मुलांना ना एकवीस कळते, ना वीस एक. आजोबांनी 'एकोणसत्तर' म्हटले की नातू इंग्रजी आकडा विचारतो. शब्द गेला की त्यातला विचारही जातो. पाऊण गेला, की पाव उणा आहे हे कळणेही गेले.

आता अभावाविषयी. समंतभद्राचार्यांच्या 'आप्तमीमांसे'त चार अभावांचा विचार आहे. कापडाच्या भाषेत सांगतो. सूत अजून मागावर चढायचे आहे. त्या सुतात चादर नाही, पण होणार आहे. हा प्रागभाव. चादर जीर्ण होऊन तिच्या चिंध्या झाल्या. त्या चिंध्यांत चादर नाही, पण होती. हा प्रध्वंसाभाव. चादर ही टॉवेल नाही आणि टॉवेल ही चादर नाही, जरी दोन्ही एकाच सुताचे झाले. हा अन्योन्याभाव. आणि चादर कधीही जीव होणार नाही, जीव कधीही चादर होणार नाही. हा अत्यंताभाव. 'नाही' हा शब्द एकच. पण अजून नाही, आता नाही, ते हे नाही आणि कधीच नाही, असे त्याचे चार निरनिराळे अर्थ. घरात, व्यापारात, संस्थेत कितीतरी भांडणे केवळ यामुळे होतात की एकाने 'अजून नाही' म्हटलेले दुसऱ्याने 'कधीच नाही' असे ऐकलेले असते!

दशलक्षण धर्मांतील नववा धर्म उत्तम आकिंचन्य. किंचन म्हणजे काहीतरी. अकिंचन म्हणजे 'माझे काही नाही' असे जाणणारा. दरिद्री आणि अकिंचन यांत तोच फरक आहे जो कोऱ्या रकान्यात आणि शून्यात आहे. दरिद्र्याचा रकाना परिस्थितीने रिकामा. अकिंचनाने तो समजून-उमजून शून्यावर आणलेला. आपण गृहस्थ तेथवर पोहोचू शकत नाही, म्हणून आपल्यासाठी परिग्रहपरिमाण व्रत सांगितले. परिमाण म्हणजे माप. किती पुरे, हा आकडा आधी ठरवायचा आणि लिहून ठेवायचा. आकडा न ठरविता 'मला फार लोभ नाही' असे म्हणणे म्हणजे कोरा रकाना सोडण्यासारखे आहे. पुढे त्यात मन काहीही भरते.

मघाशी सांगितलेले 'लोकविभाग' आणि 'गणितसारसंग्रह' हे दोन्ही ग्रंथ हिंदी अनुवादासह छापले गेले ते आपल्या सोलापुरातून, अनुक्रमे १९६२ आणि १९६३ साली, जीवराज जैन ग्रंथमालेत. त्याआधी १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग याच मालेत निघाला होता. ही माला ज्यांच्या नावाने आहे ते ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी सोलापूरचेच. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी गजपंथा येथे विद्वानांना एकत्र करून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली आणि तीस हजार रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ मध्ये त्यांनी आपली सुमारे दोन लाखांची संपूर्ण संपत्ती ट्रस्टरूपाने संघाला अर्पण केली. स्वतःच्या खात्यात शून्य लिहिले. ते शून्य जागा राखणारे ठरले. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही त्या जागेवर ग्रंथामागून ग्रंथ उभे राहिले. जगातील गणिताचे इतिहासकार आज ज्या लोकविभागाचा हवाला देतात त्याच्या छापील प्रतीवर सोलापूरचे नाव आहे.

आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांचे मर्मही मला यातच दिसते. या वर्षांत अनेकांनी आपला वेळ, पैसा आणि मानपान शून्य करून येथे जागा राखली. त्यांची नावे प्रत्येक फलकावर नाहीत. पण पन्नासातील शून्याप्रमाणे ते तेथे होते म्हणूनच पाचाचे पन्नास झाले.

शेवटी तीन नम्र सूचना करतो. पहिली, पाठशाळेत दर रविवारी दहा मिनिटे संख्यावाचनाला द्यावीत. एकोणीस का, अडीच का, हे अर्थासह सांगावे. आणि तेलुगू-कन्नड शेजाऱ्यांचे आकडेही मुलांना हसत-खेळत शिकवावेत. दुसरी, ज्या ज्येष्ठांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी अजून पाठ आहेत त्यांनी पाठशाळेत येऊन त्या म्हणाव्यात. कोणीतरी त्या ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. उशीर झाला तर प्रागभावाचा प्रध्वंसाभाव व्हायला वेळ लागणार नाही. तिसरी सूचना आम्हा सर्व हिशेब पाहणाऱ्यांसाठी. ट्रस्टच्या पुस्तकात एकही रकाना कोरा सोडू नये. जेथे काही नाही तेथे शून्य लिहावे आणि खाली सही करावी.

 ट्रस्टच्या पन्नासातील पाचाच्या पुढे आणखी आकडे चढत जावोत, आणि शून्याची जागा राखणारे कार्यकर्ते आपल्याला नित्य लाभत राहोत, ही भगवंतचरणी प्रार्थना.

जयजिनेंद्र.